मदत हवी आहे: चिनी आजोबांच्या ८०व्या वाढदिवसाला कार्डावर काय लिहू?

मंडळी, मँडरिन येणारं कोणी आहे का इथे? भाचीचं सासर चीनमधलं, शांघायजवळ सुझोऊचं, तिच्या आजेसासऱ्यांना पुढच्या महिन्यात ८० पूर्ण होतायत, मोठा कार्यक्रम आहे आणि आमच्या घरातर्फे कार्ड नि भेट पाठवायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. नेटवर दीर्घायुष्याच्या शुभेच्छा ढीगभर सापडल्या पण कुठली कोणाला चालते काही कळेना. 'वान शोऊ वू च्यांग' लिहू, 'छांग मिंग पाय स्वे' लिहू की ती समुद्र-डोंगरवाली? भाची म्हणते मावशी काहीही लिही गं, चालतं त्यांना. हे काय उत्तर झालं! भेट म्हणून सागवानी भिंतीवरचं घड्याळ बघून ठेवलंय.

प्रतिसाद १:
ताई, आधी घड्याळ कॅन्सल करा!! 'घड्याळ भेट देणे' आणि 'मरणाऱ्याला शेवटचा निरोप देणे' दोन्हीचा उच्चार एकच, 'सोंग चोंग'. 'वान शोऊ वू च्यांग' (अमर्याद आयुष्य लाभो) पण नको. आहे फार जुनं, 'शीचिंग' या प्राचीन काव्यसंग्रहातलं, पण नंतर ते सम्राटाला म्हणायचं झालं आणि सांस्कृतिक क्रांतीत (१९६६ ते ७६ ची चीनमधली राजकीय उलथापालथ) माओंच्या नावाने त्याच्या घोषणा चालायच्या. आजोबा तेव्हा ऐन विशीत असणार, त्यांना काय काय आठवेल देव जाणे. 'छांग मिंग पाय स्वे' म्हणजे शंभर वर्षं जग, हे बाळांच्या गळ्यातल्या चांदीच्या कुलुपावर कोरतात, म्हाताऱ्यांनाही म्हणतात, पण मला कार्डावर मजा नाही वाटत. समुद्र-डोंगरवालीच घ्या: 'फू रू तुंग हाय, शोऊ पी नान शान'. सुख पूर्व समुद्राएवढं, आयुष्य दक्षिणेच्या डोंगराएवढं. लाल कागदाच्या दोन उभ्या पट्ट्या, समुद्रवाली उजवीकडे, डोंगरवाली डावीकडे.

प्रतिसाद २:
+१. चित्र हवं असेल तर पाइनचं झाड आणि सारस, त्याला 'सोंग ह येन न्येन' म्हणतात, दोन्ही दीर्घायुष्याची चिन्हं. फक्त सारसावर बसून निघालेला म्हातारा नको हं, 'सारसावर बसून पश्चिमेला गेले' म्हणजे वारले. आणि पाकीट पांढरं नको, लालच.

धागाकर्ती:
बाप रे, वाचवलंत! घड्याळ आता आमच्याच हॉलमध्ये. रेशमी शेला सुचला होता पण सुझोऊला रेशीम पाठवणं म्हणजे कोकणात नारळ पाठवण्यासारखं. चांदीच्या वाट्या चालतील ना? चारचा सेट मिळतोय.

प्रतिसाद १:
वाट्या मस्त, पण चार नको ताई, चारचा उच्चार 'मरण'च्या जवळ जातो. सहा घ्या.