मदत हवी आहे: जुन्या टचस्क्रीन फोनमधलं रेकॉर्डिंग बाहेर काढायचंय

रानजाई
बाबांच्या जुन्या टचस्क्रीन फोनमध्ये आजीच्या आवाजातलं रेकॉर्डिंग आहे. घराण्यातली जुनी नावं तिने सांगितली आहेत. आजी आता नाही. फोन सुरू होतो, पण टच गेलाय. बोट कितीही फिरवा, ढिम्म. केबल लावून रात्रभर ठेवला तरी चार्ज होत नाही, शेवटची कांडी उरली आहे. रविवारच्या आत हवंय. लवकर सांगा प्लीज.

दिगंत
मॉडेल कुठलं? रेकॉर्डिंग फोनमध्ये की मेमरी कार्डावर? इतक्या माहितीवर कोण काय सांगणार?

रानजाई
नोकिया 5800 एक्स्प्रेसम्युझिक. कार्ड आहे की नाही ते कसं बघायचं? बाबा गेल्या वर्षीपर्यंत गजरासाठी वापरत होते, तेव्हा टच चालत होता.

पाचवा_मजला
हार्ड रिसेट मारा. हिरवं, लाल आणि कॅमेऱ्याचं बटण एकत्र दाबून धरायचं आणि पॉवर दाबायचं. माझा त्यानेच सुधारला होता.

मेघमल्हार
रानजाई, हे अजिबात करू नका! रिसेटने फोनची मेमरी पुसली जाते. रेकॉर्डिंग तिथेच असेल तर कायमचं जाईल.

पाचवा_मजला
कार्डाला धक्का लागत नाही. उगाच घाबरवू नका.

मेघमल्हार
कार्डावर आहे हे ठरलंय कुठे? आधी ते बघू द्या.

जुनापुराणा
काय फोन होता! 2008 साली 3.2 इंची स्क्रीनवर 640 × 360 पिक्सेल. पहिल्या आयफोनचा स्क्रीन 3.5 इंची होता, पण पिक्सेल 480 × 320. त्यात 3जी नाही, व्हिडिओ रेकॉर्डिंग नाही. इथे दोन्ही, वर कार्ल झाइसची लेन्स, 3.2 मेगापिक्सेल.

दिगंत
पण आयफोनच्या काचेला नुसता स्पर्श पुरायचा, दोन बोटांनी फोटो मोठा करता यायचा. 5800 ला एका वेळी एकच बोट कळतं. रोजच्या वापरात फरक तिथेच पडायचा, पिक्सेल मोजून नाही.

जुनापुराणा
हातमोजे घालून आयफोन वापरून बघितला होता का कधी?

मेघमल्हार
तुमचा वाद बाजूला ठेवा, पण उत्तर त्यातच आहे. रानजाई, या फोनचा स्क्रीन रेझिस्टिव्ह आहे. आत दोन पातळ थर असतात, दाब पडला की ते एकमेकांना टेकतात आणि जागा कळते. हल्लीच्या फोनसारखं बोट अलगद फिरवून त्याला काही कळणार नाही. नखाने दाबा. पाठीमागच्या कोपऱ्यात स्टायलस खोचलेला असतो, तो आणखी चांगला. यादीत एकदा दाबलं की ओळ फक्त निवडली जाते, उघडायला परत दाबायचं.

केबल कुठली लावलीत? मायक्रो यूएसबीने हा फोन चार्ज होत नाही, ती फक्त डेटासाठी. बारीक गोल पिनचा जुना नोकिया चार्जर लागतो.

रानजाई
मायक्रो यूएसबीच लावली होती!! नखाने दाबल्यावर मेनू उघडला. पिनचा चार्जर शोधते.

टिपकागद
बॅटरी बीएल-5जे आहे. लुमिया 520 लाही तीच चालायची.

मेघमल्हार
आता फोन बंद करा. डाव्या कडेला दोन झाकणं आहेत, एक सिमचं, एक कार्डाचं. कार्ड हलकेच आत दाबलं की बाहेर येतं. कार्ड रीडरमध्ये घालून साउंड्स फोल्डरमध्ये डिजिटल नावाचं फोल्डर बघा. नसेल तर फोनमधून ब्लूटूथने पाठवा.

पाचवा_मजला
टच एका बाजूला सरकलेला वाटला तर सेटिंग्जमध्ये कॅलिब्रेशन आहे, तेही करून घ्या. रिसेट मागे घेतो, डेटाचं माझ्या लक्षात आलं नव्हतं.

रानजाई
मिळालं! कार्डावर अकरा फाइली आहेत, सगळ्या एएमआर या ऑडिओ प्रकारच्या. व्हीएलसी प्लेअरवर चालल्या. पहिल्याच फाइलमध्ये आजी बाबांना विचारते, "लागलं का रे हे?" आणि मग सुरू करते.

मेघमल्हार
आत्ताच दोन वेगळ्या ठिकाणी कॉपी करून ठेवा. तोवर कार्ड परत फोनमध्ये घालू नका.