मदत हवी आहे: त्या घड्याळवाल्या फुटबॉलपटूचं प्रकरण (अर्जंट)

घाईतला_गण्या: उद्या सकाळी प्रेझेंटेशन. बार्सिलोनाचा तो बचावपटू खेळत असताना गाजला नसेल एवढा निवृत्तीनंतर नेटवर गाजला ना, त्यात घड्याळ आधी की लीग आधी? शोधलं तर नुसतं गॉसिप येतंय. लवकर सांगा.

बोरकूट: कोण? पुयोल? तो 2014 लाच थांबला. आणि घड्याळ कसलं?

घाईतला_गण्या: पुयोल नाही हो! गायिका शकीराचा पूर्वीचा जोडीदार!!

सह्याद्रीचा_वारा: पिके म्हणा की सरळ. शकीराच्या गाण्यात अब्रू गेली म्हणून लक्ष वळवायला ही किंग्ज लीग काढली. सगळा पीआर.

ऑफसाइड_आप्पा: वारा, काहीही ठोकून देऊ नका. बार्सिलोनाच्या कॅम्प नू मैदानावरचा त्याचा शेवटचा सामना 5 नोव्हेंबर 2022, अल्मेरियाविरुद्ध. किंग्ज लीग सुरू झाली 1 जानेवारी 2023 ला. शकीराचं गाणं आलं 11 जानेवारीला. म्हणजे लीग आधी. गाण्यात रोलेक्सच्या जागी कॅसिओ, फेरारीच्या जागी ट्विंगो (रेनोची छोटी, स्वस्त गाडी) असा टोमणा होता. त्यावर हा पठ्ठ्या लीगच्या स्ट्रीमवर कॅसिओची घड्याळं वाटत बसला, आणि पुढे सामन्याला चक्क ट्विंगो घेऊन आला. कॅसिओ प्रायोजक असल्याचं तो म्हणाला. स्लाइडवर 'तो म्हणाला' एवढंच लिही, 'करार झाला' असं नको.

जुना_गोलकी: याला फुटबॉल म्हणायचं? सात-सात जण, वीस-वीस मिनिटं, वर सामन्यात संघाला जादा फायदा देणारे ते गुपित पत्ते. निव्वळ जत्रा.

ऑफसाइड_आप्पा: 26 मार्च 2023 ला त्या जत्रेच्या फायनलला कॅम्प नूवर 92 हजारांच्या वर माणूस आलं होतं, काका.

जुना_गोलकी: गर्दी सर्कशीलाही होते.

शेंगदाणा: बार्सिलोनाला जाणार असाल तर शेंगेन व्हिसाची अपॉइंटमेंट आधी घ्या. सीझनला मिळत नाही.

बोरकूट: कोण चाललंय बार्सिलोनाला? गण्या, विषय क्रीडा आहे की मार्केटिंग? किती मिनिटं?

घाईतला_गण्या: एमबीए आहे, अजून काय सांगू?

बोरकूट: हे आधी सांगायचं ना! मग शकीराला एकच स्लाइड दे. खरी गोम संघांच्या अध्यक्षांत आहे. इबाई यानोस, दग्रेफ्ग हे स्ट्रीमर, शिवाय माजी फुटबॉलपटू कासियास आणि अग्वेरो. स्ट्रीमरांचे प्रेक्षक ट्विच या लाइव्ह व्हिडिओच्या साइटवर आधीच बसलेले होते, पिकेने त्यांच्यापुढे सामने मांडले. टीव्हीवाल्यांच्या दारात जावंच लागलं नाही.

सह्याद्रीचा_वारा: पण गाणं नसतं तर आपल्याकडे त्या लीगचं नाव कुणी ऐकलं असतं का? मी तरी नसतं ऐकलं.

ऑफसाइड_आप्पा: हे मात्र मान्य.

मडगावचा_मिडफिल्डर: अवांतर: स्पॅनिश माणूस म्हणाल तर आमचा कोरो! एफसी गोवाकडून 2017-18 आणि 2018-19, लागोपाठ दोन हंगाम आयएसएलचा गोल्डन बूट (सर्वाधिक गोलांचा मान). 2006 मध्ये त्याच्या शेवटच्या मिनिटातल्या गोलने बार्सिलोना शहरातला दुसरा क्लब एस्पान्योल खालच्या विभागात जाता जाता वाचला होता. त्याच्यावर कोणी स्लाइड करत नाही.

जुना_गोलकी: +1. याला म्हणतात फुटबॉल.

बोरकूट: धागा पिकेचा आहे, मालक.

घाईतला_गण्या: ओके, स्लाइड झाल्या. सर आरओआय (गुंतवणुकीवरचा परतावा) विचारणार. किंग्ज लीगचा नफ्याचा आकडा द्या ना कोणीतरी. आणि ती ट्विंगो कुठल्या सालची?

ऑफसाइड_आप्पा: प्रेझेंटेशन तू देतोयस की मी?