टॉम आणि जेरी पुन्हा बघताना: एकच गोष्ट दोनदा का येते, आणि काही भाग एवढे विचित्र का?

विश्रामबागकर (सांगली):
नमस्कार मंडळी. दर रविवारी संध्याकाळी आम्ही पाचजण टॉम आणि जेरी पहिल्यापासून बघतोय आणि प्रत्येक भागाला दहापैकी गुण देतोय. भडंगाचं ताट संपलं तरी वाद संपत नाही. गाडी तीन ठिकाणी अडलीय.

एक, सुतारपक्ष्याच्या अंड्याचा भाग दोनदा आला. गोष्ट तीच, पण दुसऱ्यात सगळं सपाट दिसतं. जुन्यालाच रंग देऊन नवा केलाय का? दोन, काही भागांत आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो आणि टॉम झटके खात चालतो. तीन, ५५ इंची टीव्हीवर जेरी पळायला लागला की त्याचे पाय पडद्याबाहेर. जाणकारांनी सांगा, आमच्यात हाणामारी व्हायची बाकी आहे.

अजिंक्यतारा:
पहिल्या प्रश्नाचं सांगतो. नुसता रंग दिलेला नाही, भाग रुंद पडद्यासाठी नव्यानं बनवलाय. पहिला 'हॅच अप युअर ट्रबल्स', १९४९. दुसरा 'द एग अँड जेरी', १९५६. टीव्हीला टक्कर द्यायला थिएटरवाल्यांनी पडदे रुंद केले, तेव्हा हे भाग काढणाऱ्या एमजीएम स्टुडिओनं १९५४ मध्ये 'पेट पीव्ह'पासून ते सिनेमास्कोपमध्ये, म्हणजे रुंद पडद्याच्या पद्धतीत, काढायला घेतले. मग गाजलेल्या तीन जुन्या गोष्टी रुंद चौकटीत परत बसवल्या. अंड्याची ही एक. स्पाइक कुत्रा आणि त्याच्या पिल्लाची 'लव्ह दॅट पप' (१९४९) 'टॉप्स विथ पॉप्स' (१९५७) म्हणून आली, आणि 'द लिटल ऑर्फन' (१९४९) आली 'फीडिन द किडी' (१९५७) होऊन.

दोन्ही अंडी शेजारीशेजारी लावा आणि पिल्लू जेरीच्या घरातलं फर्निचर टोचून फस्त करतं तिथं थांबवा. १९४९ च्या चित्रात भिंतीला सावली आहे, लाकूड लाकडासारखं दिसतं. १९५६ मध्ये पात्रांची कडा जाड झालीय, मागे रंगाचे सपाट पट्टे आहेत आणि रुंदी भरायची म्हणून दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडलीय. विनोदाचं टायमिंग मात्र जवळजवळ जसंच्या तसं उचललंय. तेव्हा गुण कापायचे तर चित्राचे कापा, गोष्टीचे नकोत.

काळ ओळखायला निर्मात्याचं नाव बघा. फ्रेड क्विम्बी १९५५ मध्ये निवृत्त झाले, त्यानंतर तिथं मालिकेचे दिग्दर्शक हॅना आणि बार्बेरा स्वतः येतात. सुरुवातीच्या नावाच्या पाटीच्या सजावटीवर जाऊ नका. जुने भाग थिएटरात परत लावताना कित्येकांच्या सुरुवातीच्या पाट्या बदलल्या होत्या, तिथंच लोक फसतात.

कृष्णाकाठ:
विहिरीतला आवाज म्हणजे जीन डाइच या दिग्दर्शकाचे भाग. एमजीएमनं १९५७ मध्ये आपला कार्टून विभाग बंद केला, हॅना-बार्बेरांचे भाग ११४ वर थांबले. १९६१-६२ मध्ये डाइचनं प्रागमध्ये १३ भाग केले. त्याच्या चमूनं आधीचे भाग मोजकेच पाहिलेले, हातात पैसा कमी. पैसा कमी म्हणजे चित्रं कमी, आणि चित्रं कमी की चाल झटके खाणारच. आवाजाला घुमारा एवढा दिलाय की भांडं पडलं तरी गुहेत पडल्यासारखं वाटतं.

पण राव, या १३ भागांना सरसकट शून्य देणाऱ्यांशी माझं जमत नाही. 'डिकी मो' (१९६२) बघा. त्या सणकी कॅप्टनला तीच तुटक चाल शोभून दिसते.

त्यानंतरचे चक जोन्स या दिग्दर्शकाचे, १९६३ ते ६७, एकूण ३४. टॉमच्या भुवया जाड झाल्या आणि सुरुवातीला एमजीएमच्या सिंहाच्या जागी टॉम ओरडला की समजायचं जोन्स. त्यातले 'मॅटिनी माउस' (१९६६) आणि 'शटर बग्ड कॅट' (१९६७) हे जुन्या भागांचे तुकडे जोडून केलेत, त्यांना गुण देत बसू नका.

मिरजेचा तंबोरा:
पाय कापले जातात ते टीव्हीच्या झूममुळे. जुना भाग ४:३ चा (रुंदीला उंची), तुमचा पडदा १६:९ चा. झूम केला की उंचीचा वरचा आठवा आणि खालचा आठवा हिस्सा गेला. उंदराचं बीळ भिंतीच्या तळाशी, म्हणजे नेमका विनोदच कापला जातो! पिक्चर साइजमध्ये ४:३ किंवा ओरिजिनल निवडा, कडेला काळे पट्टे दिसले तर दिसू देत. सिनेमास्कोपच्या भागांचं उलट. ते साधारण २.३५ ला १ असे रुंद. जुन्या चौकोनी टीव्हीवर पडदा भरून दाखवले की १०० पैकी जेमतेम ५७ भाग उरायचा. १९९५ मध्ये आपल्याकडे कार्टून नेटवर्क आलं तेव्हापासूनची आठवण सांगणाऱ्यांनी ते भाग अर्धेमुर्धेच पाहिलेत.

दुसरं, चित्र गुळगुळीत करणारी सोय बंद करा. एलजीत ट्रूमोशन, सोनीत मोशनफ्लो, सॅमसंगमध्ये ऑटो मोशन प्लस. एक चित्र बहुधा दोन फ्रेम धरतात, म्हणजे सेकंदाच्या २४ फ्रेममध्ये १२ चित्रं. टीव्ही मधली चित्रं स्वतःच्या मनानं घालतो आणि टॉम तवंगासारखा पसरतो. बारकाईनं बघायचं तर संगणकावरच्या व्हीएलसी प्लेअरमध्ये कीबोर्डवरचं 'ई' दाबा, एकेक फ्रेम पुढे सरकते.

तिसरं कोणी विचारलं नाही तरी सांगतो. फिल्म २४ फ्रेमची, आपलं जुनं टीव्ही प्रक्षेपण २५ चं. त्यामुळे सात मिनिटांचा भाग ६ मिनिटं ४३ सेकंदांत संपतो आणि सूर सुमारे पाऊण अर्धस्वर वर चढतो. 'द कॅट कॉन्सर्टो'वर तपासा. त्यात टॉम वाजवतो ती संगीतकार लिस्टची मूळ रचना सी-शार्प मायनर, म्हणजे आपल्या पेटीची काळी एक. तंबोरा लावून ताडून बघितलं आणि पियानो पांढरी दोनकडे ओढ घेत असेल, तर तुमची प्रत २५ ची. वेग ०.९६ करा, पण आधी व्हीएलसीच्या ऑडिओ सेटिंगमधलं टाइम स्ट्रेचिंग काढा. नाहीतर वेग उतरतो, सूर तिथंच राहतो.

विश्रामबागकर (सांगली):
झूम काढला, जेरीला पाय फुटले! अजून एक. घरकाम करणाऱ्या बाईचा आवाज दोन प्रतींत वेगवेगळा का?

अजिंक्यतारा:
मूळ आवाज लिलियन रँडॉल्फ यांचा. ते पात्र कृष्णवर्णीयांची टिंगल करणारं म्हणून आक्षेप होते. नंतर टीव्हीसाठी जून फोरे यांच्याकडून वेगळ्या धाटणीत बोलून घेतलं आणि काही भागांत तर बाईच गोरी काढली. गुण देताना मूळ आवाजाची प्रत धरा, आणि कुठली प्रत पाहिलीत ते गुणांच्या वहीत लिहून ठेवा. तुमच्या निम्म्या भांडणांचं मूळ तिथंच असणार.