प्रतिसाद: वापरलेल्या खेळण्यांचा संग्रह
न उघडलेल्या खोक्यातले खेळणेच संग्रहात ठेवण्याजोगे असते, या मताशी मी सहमत नाही. नाशिकमध्ये नवरात्रात भरणाऱ्या कालिका देवीच्या यात्रेत घेतलेली पत्र्याची बोट ही माझ्या संग्रहातली पहिली वस्तू. तिच्यातली वात पेटवली की पाण्याची वाफ होऊन नळ्यांमधले पाणी मागे फेकले जाते, वाफ थंड होताच नवे पाणी आत ओढले जाते आणि फटफट आवाज करत बोट पुढे सरकते. अशा बोटीचे पेटंट थॉमस पियो यांनी १८९१ मध्ये ब्रिटनमध्ये घेतले होते. यंत्रणा समजून घेण्याच्या याच नादातून मी व्हिडिओ गेमकडे वळलो, आणि निन्टेंडो या जपानी कंपनीच्या १९८३ सालच्या फॅमिकॉम या टीव्हीला जोडायच्या गेम यंत्राच्या नकला (आपल्याकडे बहुतेकांनी त्याच खेळल्या) आजही कॅसेटसह चालू स्थितीत ठेवतो. काजळी धरलेल्या बोटीला किंमत कमी येते हे मान्य, पण ती विकायची कोणाला आहे?