हायस्कूलच्या कोचने लिटल लीगमध्ये किती लक्ष घालावं?

तिसरा बेस

वसंताचा हंगाम जवळ आला की अमेरिकेतल्या गावोगावच्या लीगच्या बोर्डांपुढे हा विषय येतो: गावच्या हायस्कूलच्या बेसबॉल आणि सॉफ्टबॉल कोचला लहान मुलांच्या लीगमध्ये, म्हणजे लिटल लीगमध्ये, किती सामील करून घ्यायचं? आपल्यातले बरेच जण मुलांच्या निमित्ताने मॅनेजर, स्कोअरर किंवा बोर्डावर आहेत, म्हणून हा धागा.

माझं मत स्पष्ट आहे: भरपूर सामील करून घ्यावं. कारण तेराव्या वर्षीची उडी. लिटल लीगच्या मेजर्स विभागात (१२ वर्षांपर्यंत) पिचर ४६ फुटांवरून टाकतो आणि बेसमधलं अंतर ६० फूट असतं. हायस्कूलला तेच ६० फूट ६ इंच आणि ९० फूट. कॅचरची सेकंड बेसवरची फेक ८५ फुटांवरून एकदम १२७ फुटांवर जाते. शिवाय मेजर्समध्ये चेंडू बॅटरपर्यंत पोहोचल्याशिवाय रनरला बेस सोडता येत नाही. त्यामुळे लीड घेणं (पिचच्या आधीच बेसपासून थोडं पुढे सरकणं), रनरला बेसवर रोखून धरणं, बॉक (पिचरची नियमबाह्य हालचाल) कशाला म्हणतात, यातलं काहीच मुलांच्या हाताखालून गेलेलं नसतं.

बॅटचंही तेच. मेजर्समधली २९ इंची ‘ड्रॉप टेन’ (इंचांपेक्षा औंस दहाने कमी) बॅट १९ औंसांची असते. हायस्कूलची बीबीकोर (तिथला प्रमाणित प्रकार) बॅट ‘ड्रॉप थ्री’, म्हणजे ३१ इंचांना २८ औंस. जवळजवळ दीडपट वजन! मधली ड्रॉप एट, ड्रॉप फाइव्ह वापरली नाही तर बॅटचं टोक मागे लोंबतं आणि चांगला बॅटर वर्षभर पॉप-अप (सोपे उंच झेल) देत बसतो. पुढे काय लागणार हे हायस्कूलच्या कोचला रोज दिसतं. त्याने आठ ते बारा वर्षांसाठी एक अभ्यासक्रम आखून द्यावा, ट्रायआउटला (निवड चाचणीला) बसावं आणि ऑल-स्टार्स टीमही (लीगच्या निवडक खेळाडूंची टीम) त्यानेच निवडावी.

गुणलेखक

अभ्यासक्रमाला हरकत नाही. ऑल-स्टार्स निवडायला ठाम विरोध.

हायस्कूलचा कोच मुलाकडे तीन वर्षांनंतरचा खेळाडू म्हणून बघणार, तो त्याच्या कामाचाच भाग आहे. पण बारा वर्षांच्या मुलांत जो लवकर वाढला तोच उठून दिसतो. पंधराव्या वर्षी बाकीचे त्याला गाठतात, काही मागेही टाकतात. गावातल्या सगळ्यात वजनदार माणसाने अकराव्या वर्षी ‘हा आपला नाही’ असं नुसतं सुचवलं तरी ते मूल खेळ सोडून देतं. लिटल लीग नेमकं याच्या उलट सांगते. टीममधल्या प्रत्येक मुलाला सामन्यात किमान ६ आउट होईपर्यंत फिल्डिंग आणि एकदा बॅटिंग मिळालीच पाहिजे.

तुम्ही म्हणता त्या उडीसाठी ‘इंटरमीजिएट ५०/७०’ विभाग आहेच. पिचिंग ५० फूट, बेस ७० फूट, लीड घ्यायला परवानगी, कॅचरची फेक ९९ फूट. बोर्डाने तो चालवावा, अर्धं काम तिथेच होतं.

आणि वेळेचं काय? हायस्कूलचा हंगाम आणि लीगचा हंगाम एकाच वसंतात येतात. शाळा सुटल्यापासून संध्याकाळपर्यंत तो कोच स्वतःच्या संघाबरोबर असतो. पत्रकावर नाव त्याचं आणि मैदानावर दुसराच कोणी, असं होऊन बसतं.

पिवळा चेंडू

नेहमीप्रमाणे चर्चा बेसबॉलवर चालली आहे. सॉफ्टबॉलचं गणित वेगळं आहे.

मुलींसाठी अंतराची उडी लहान आहे. १० वर्षांखालच्या मुली ३५ फुटांवरून ११ इंची चेंडू टाकतात, १२ खालच्या ४० फुटांवरून १२ इंची, आणि हायस्कूलला ४३ फूट. बेस शेवटपर्यंत ६० फूटच. अडचण अंतराची नाही, विंडमिल (हात पूर्ण गोल फिरवून खालून टाकणं) शिकवणारं कोणी नसण्याची आहे. बेसबॉल खेळलेले वडील पुष्कळ भेटतात, विंडमिल टाकलेला माणूस सहसा भेटत नाही. मग मुलगी व्हिडिओ बघून थेट पूर्ण गोल फिरवायला जाते. मनगटाचा झटका मांडीजवळ येण्याऐवजी पुढे येतो, चेंडू बॅकस्टॉपवर जातो, आणि ती जोर लावण्यासाठी मागच्या पायाने उडी मारून पुन्हा टेकते. तो क्रो-हॉप, म्हणजे नियमबाह्य पिच.

क्रम उलटा हवा. आधी १० फुटांवरून नुसतं मनगट. मग हात डोक्याच्या रेषेत वर नेऊन अर्धा गोल. मग उभ्याने पूर्ण गोल. पाय सगळ्यात शेवटी. आठवड्यातून तीनदा वीस-वीस मिनिटं दिली तरी हंगामभर लागतो. हे गावात नक्की माहीत असणारी माणसं म्हणजे हायस्कूलची सॉफ्टबॉल कोच आणि तिच्या पिचर. त्यांना बाहेर ठेवणं परवडणारं नाही.

पण एका गोष्टीत गुणलेखक यांच्या बाजूने. वेगाने धावणाऱ्या उजव्या हाताच्या मुलीला दहाव्या वर्षीच डावीकडे उभं करून ‘स्लॅपर’ बनवायची घाई हायस्कूलच्या गरजेतून येते. धावत धावत चेंडू ढकलायला शिकलेली मुलगी पूर्ण स्विंग शिकायची राहते. आधी स्विंग पक्का होऊ दे, मग बाजू बदला.

तिसरा बेस

गुणलेखक, निवडीबद्दल तुम्ही एक बाजू सोडलीत. आज निवड कोण करतं? टीमचे मॅनेजर, आणि त्यांची स्वतःची मुलं त्याच यादीत असतात. याला ‘डॅडी बॉल’ असं नावच पडलं आहे. ज्याचं मूल टीममध्ये नाही असा जाणता माणूस हायस्कूलमध्येच सापडतो. ट्रायआउटला मुलांच्या पाठीवर नावाऐवजी नंबर लावा, पाच कौशल्यांना एक ते पाच गुण द्या आणि तीन परीक्षकांची सरासरी घ्या. त्या तिघांत एक हायस्कूलचा कोच असला तर बिघडलं कुठे?

विदर्भी

दोघंही मुलांबद्दल बोलताय. कोचने मुलांना शिकवूच नये, मुलांच्या कोचेसना शिकवावं. त्याच्या एका तासात बारा मुलं शिकतील. तोच तास वीस स्वयंसेवकांना दिला तर अख्खी लीग शिकेल.

आपल्या लोकांना तर हे फारच हवं. क्रिकेट खेळलेला बाबा ग्राउंडर (जमिनीवरून येणारा चेंडू) अडवायला ‘लाँग बॅरियर’ शिकवतो: एक गुडघा जमिनीला, शरीर आडवं, चेंडू मागे जाता कामा नये. आउटफिल्डला हे चालून जातं. इनफिल्डला नाही, कारण चेंडू अडवून भागत नाही, लगेच फर्स्टला फेकायचा असतो आणि गुडघ्यावरून उठण्यात रनर पोहोचतो. पाय खांद्यांपेक्षा रुंद, उजव्या हाताच्या मुलाचा डावा पाय जरासा पुढे, कंबर खाली, ग्लोव्ह आधीच जमिनीला टेकलेला आणि चेंडू शरीराच्या पुढे घ्यायचा. ग्लोव्ह खालून वर यायला हवा, वरून खाली नव्हे. उसळलेल्या चेंडूबरोबर हात सहज वर येतो, पण खाली राहिलेल्या चेंडूवर ग्लोव्ह दाबायला वेळ मिळत नाही. दुसरा हात ग्लोव्हच्या वर झाकणासारखा, म्हणजे चेंडू मिळताच बोटं शिवणीवर जातात. कॅचचंही तसंच. कमरेच्या वरचा चेंडू असेल तर ग्लोव्हची बोटं आकाशाकडे, खालचा असेल तर जमिनीकडे. हे बाबाला कोणी दाखवलेलं नसतं, म्हणून मुलं छातीवर चेंडू खातात आणि भितात.

हायस्कूलचा सराव सुरू होण्याआधी तीन शनिवार, दोन-दोन तास, शाळेच्या जिममध्ये. पहिल्या शनिवारी फेकणं आणि झेलणं, दुसऱ्या शनिवारी पिचर-कॅचर, तिसऱ्या शनिवारी ९० मिनिटांची प्रॅक्टिस बसवायची कशी. बारा मुलांसाठी: १० मिनिटं अंग मोकळं करणं, १५ मिनिटं थ्रोइंग, १२-१२ मिनिटांची चार स्टेशनं (टी म्हणजे खांबावर ठेवलेला चेंडू मारणं, सॉफ्ट टॉस म्हणजे जवळून हलकेच टाकलेला मारणं, ग्राउंडर, उंच झेल), १२ मिनिटं बेस रनिंग, ५ मिनिटं आवराआवर. प्रत्येक स्टेशनवर तीन मुलं आणि एक मोठं माणूस. आज काय होतं? एकच कोच सगळ्यांना बॅटिंग देतो. दहा स्विंगला दोन मिनिटं धरली तरी बारा मुलांची २४ मिनिटं जातात आणि एका वेळी अकरा जण गवत उपटत उभे असतात.

बे एरियाकर

विदर्भी यांना अनुमोदन. आता नियम आणि पैशाची बाजू, ती कोणी काढली नाही.

प्रत्येक राज्याची हायस्कूल क्रीडा संघटना वेगळी. कॅलिफोर्नियात सीआयएफचा (तिथल्या संघटनेचा) ‘अनड्यू इन्फ्लुअन्स’विरुद्ध नियम आहे. विद्यार्थ्याला आपल्या शाळेकडे ओढण्यासाठी कोणी वजन वापरायचं नाही. गावात एकच सार्वजनिक हायस्कूल असेल तर प्रश्न येत नाही. दोन हायस्कूल आणि एक खाजगी शाळा असली, की एकाच शाळेचा कोच आठवीच्या मुलांच्या डगआउटमध्ये दिसणं म्हणजे तक्रारीला आमंत्रण. तिथे सगळ्या शाळांच्या कोचेसना एकत्रच बोलवा, आणि कोणी शाळेचं जॅकेट घालून येऊ नये. हंगामाबाहेर स्वतःच्या खेळाडूंना किती शिकवता येतं यावरही राज्याराज्यांत बंधनं आहेत, आणि नववीची मुलं लीगच्या सीनियर विभागात खेळत असतील तर तिथेही ती आडवी येऊ शकतात. आधी शाळेच्या अ‍ॅथलेटिक डिरेक्टरला लेखी विचारा.

पैसा: काही कोच खाजगी शिकवणी घेतात किंवा स्वतःची ट्रॅव्हल टीम (लीगबाहेर, गावोगाव जाऊन खेळणारी) चालवतात. त्यात गैर काही नाही. पण शिकवणीची फी घेणारा माणूसच ट्रायआउटचे गुण देत असेल तर पालकांना शिकवणी सक्तीची वाटणारच. त्या वर्षी एकच काम: शिकवणी किंवा परीक्षण.

आणि शाळेने बोटांचे ठसे घेतले म्हणून लीगची वार्षिक पार्श्वभूमी तपासणी टळत नाही. मदतीला आलेले हायस्कूलचे खेळाडू १८ खालचे असतील तर ‘मैदानावर दोन प्रौढ’ या हिशेबात त्यांना धरू नका.

अमृता र.

शाळेची बॅटिंग केज बेसबॉलच्या मुलांना उघडली तर सॉफ्टबॉलच्या मुलींनाही तितकेच तास, आणि तेही चांगल्या वेळेचे. शाळेच्या संघांना ‘टायटल नाइन’ (शिक्षणात लिंगभेदाला बंदी करणारा कायदा) १९७२ पासून लागू आहे. लीगने हा दंडक स्वतःहून लावून घ्यावा.

गुणलेखक

हायस्कूलच्या कोचचा सगळ्यात मोठा उपयोग कोणीच मांडला नाही: चेंडूंची वही, म्हणजे कोणत्या पिचरने किती चेंडू टाकले याची नोंद.

मेजर्समध्ये ११-१२ वर्षांच्या मुलाला दिवसाला जास्तीत जास्त ८५ चेंडू, ९-१० ला ७५. चौदा वर्षांपर्यंत २१ ते ३५ चेंडूंना एक दिवस विश्रांती, ३६ ते ५० ला दोन, ५१ ते ६५ ला तीन आणि ६६ पासून पुढे चार. ४१ टाकले की त्या दिवशी तो कॅचर होऊ शकत नाही. समोरचा बॅटर संपेपर्यंत टाकायची मुभा असते, पण ‘हा शेवटचा’ म्हणत मॅनेजर पुढच्या बॅटरलाही ठेवतो आणि विश्रांतीचा एक दिवस वाढवून बसतो.

भोक इथे आहे: मंगळवारी लीगमध्ये ६६ टाकले, बुध ते शनि विश्रांती. शनिवारी ट्रॅव्हल टीमसाठी त्याच मुलाने ५० टाकले, ते लीगच्या वहीत येतच नाहीत. कोपराच्या आतल्या बाजूची वाढीची पट्टी अजून कूर्चेची असते, प्रत्येक फेकीला ती ओढली जाते, आणि दुखणं मुलगा सांगत नाही कारण त्याला टाकायचं असतं. एमएलबी (व्यावसायिक लीग) आणि यूएसए बेसबॉल (राष्ट्रीय संघटना) यांच्या ‘पिच स्मार्ट’ शिफारशीत ९ ते १२ वर्षांसाठी वर्षाला सगळ्या टीम मिळून ८० इनिंग्जची मर्यादा आहे आणि वर्षातून किमान चार महिने फेकणं बंद. हा हिशेब मुलाच्या नावाने ठेवायला हवा, टीमच्या नावाने नव्हे. ट्रॅव्हलचा कोच लीगच्या बोर्डाला जुमानत नाही, पण उद्या ज्याच्या संघात जायचं त्या हायस्कूल कोचने ‘वही दाखव’ म्हटलं तर पालक स्वतःहून भरतील.

पिवळा चेंडू

मुलींसाठीही ही वही हवी. लिटल लीग सॉफ्टबॉलमध्ये चेंडू नव्हे, इनिंग्ज मोजते. ‘खालून टाकलं की हाताला त्रास नाही’ हा समज खोटा आहे. दंडाच्या पुढचा स्नायू आणि खांदा दुखतो तो विंडमिलनेच. एकच पिचर असलेल्या टीममध्ये शनिवार-रविवार चार सामने तीच टाकते.

तिसरा बेस

वही मान्य, तीन शनिवार मान्य. ऑल-स्टार्सची निवड मागे घेतो. ट्रायआउटच्या तीन परीक्षकांत मात्र त्याला ठेवणार, फक्त नंबर बघून, आणि त्या वर्षी त्याची शिकवणी नसेल तरच.

गुणलेखक

आठ ते दहासाठी हो, तिथे गुण फक्त टीम समतोल करायला लागतात. ११-१२ साठी माझा नकार कायम. त्या वयाला पाठीवर नंबर असला तरी कोच मुलाला चेहऱ्याने ओळखतो.