हंसा वाडकर: आत्मचरित्रानं नटीला तारलं की झाकून टाकलं?

मीनल_कराड
हंसाबाईंचा विषय निघाला की बोलणं लगेच नवरा, दारू आणि घर सोडून जाणं यांवर येतं. 'सांगत्ये ऐका' हे आत्मचरित्र १९७० साली पुस्तकरूपात आलं, पुढच्याच वर्षी त्या गेल्या, वय ४८. मग १९७७ साली श्याम बेनेगलांनी त्यावरून 'भूमिका' काढला, स्मिता पाटीलला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तेव्हापासून हंसा वाडकर म्हणजे एका बाईची परवड, एवढंच लोकांच्या डोक्यात बसलंय.

नटी कुठे गेली? १९४१ साली प्रभात फिल्म कंपनीची 'संत सखू' जिनं केली, तिनंच १९४७ साली 'लोकशाहीर राम जोशी'त बया नावाची तमासगीर केली. सासरचा जाच सोसत विठ्ठलाचं नाव घेणारी सून आणि शाहिराला सवाल घालणारी कलावंतीण, मध्ये फक्त सहा वर्षं! सखू आमच्या कराडची, म्हणून जरा जास्तच जीव आहे तिच्यावर. पण एवढा पल्ला मारणाऱ्या मराठी नट्या किती झाल्या? माझं मत स्पष्ट आहे. ते पुस्तक आलं नसतं, तर त्यांच्या कामाला न्याय मिळाला असता.

दत्ता_गिरगाव
साफ चूक. पुस्तक आलं नसतं तर आज त्यांचं नावही कुणी घेतलं नसतं. त्या पिढीतल्या कितीतरी नट्या श्रेयनामावलीतल्या एका ओळीपुरत्या उरल्यात.

आणि पुस्तक कुणी त्यांच्यावर लादलं नव्हतं. मूळच्या रतन साळगावकर, घराणं कलावंतिणींचं. १९३६ साली 'विजयाची लग्ने'मध्ये पडद्यावर आल्या तेव्हा वय १३. घर चालायला पैसा हवा म्हणून पोरीला कॅमेऱ्यापुढे उभं केलं आणि साळगावकर नावाला डाग नको म्हणून तिचं नाव बदललं. कमाई चालते, नाव चालत नाही! जिचं नावसुद्धा दुसऱ्यांनी ठरवलं, तिनं शेवटी स्वतःच्या तोंडानं सगळं सांगितलं. ते झाकून ठेवायला हवं होतं, असं आपण कोण म्हणणार?

मीनल_कराड
झाकायला हवं होतं असं मी म्हटलेलंच नाही. वाचणाऱ्यांनी त्यातून काय उचललं, त्यावर माझा राग आहे.

जुना_अंक
'स्वतःच्या तोंडानं' हे अर्धं खरं. शब्दांकन अरुण साधूंचं. आधी 'माणूस' साप्ताहिकात आलं, मग राजहंस प्रकाशननं पुस्तक काढलं. साधू तेव्हा तिशीच्या आतले, पत्रकार. 'मुंबई दिनांक', 'सिंहासन' या कादंबऱ्या नंतरच्या. बाई बोलल्या, त्यानं लिहिलं. कुठलं वाक्य पुढे घ्यायचं, कुठलं गाळायचं, हे लिहिणाऱ्याच्या हातात असतं. त्यामुळे हा प्रत्येक शब्द हंसाबाईंचाच, असं छातीठोकपणे मी तरी सांगणार नाही.

दत्ता_गिरगाव
पुस्तक पुन्हा वाचा. माणसं मध्येच येतात, मध्येच जातात, सालांचा मेळ लागत नाही, स्वतःची बाजू सावरायची धडपड कुठे दिसत नाही. लेखकाला मोह झाला असता तर त्यानं हे सगळं रांगेत लावलं असतं. साधूंनी ते तसंच ठेवलं, हे त्यांचं मोठेपण.

अविनाश_नांदेड
माझा आक्षेप वेगळा आहे. हे पुस्तक एकतर्फी आहे. नवरा जगन्नाथ बांदरकर त्यात खलनायक. तोच कंत्राटं करणार, पैसा तोच घेणार, संशयही तोच घेणार. असेल तसं. पण त्याची बाजू कुणी ऐकली? आणि मुलगी? आई लहान मुलीला मागे ठेवून निघून गेली, हे छापील वाचायची वेळ त्या मुलीवर आली. सत्य सांगायचा हक्क मान्य, पण त्याची किंमत घरातली माणसंही मोजतात. यावर इथे कुणीच बोलत नाहीये.

सुलभा_ठाणे
अविनाशजी, मुलीबद्दलचं तुमचं म्हणणं मला पटतं, ते दुखणं खरं आहे. नवऱ्याबद्दलचं मात्र अजिबात नाही. लग्न झालं की सिनेमा सोडायचा, संसार करायचा, एवढीच त्या मुलीची इच्छा होती. काम चालू ठेवायला लावलं ते नवऱ्यानं, कारण घरात येणारा पैसा तिचा होता. एकदा मूल हवं असतानाही होऊ दिलं नाही. एवढं झाल्यावर त्याची कुठली बाजू ऐकायची राहिली?

आणि हा न्याय फक्त बायकांनाच का? दिग्दर्शक व्ही. शांताराम, आपले शांतारामबापू, यांची तीन लग्नं झाली. त्यांच्यावरचा लेख तरीही 'कुंकू' आणि 'शेजारी'पासून सुरू होतो, आणि व्हायलाही तसाच हवा. हंसाबाईंवरचा लेख दारूच्या बाटलीपासून का सुरू होतो? नटी दुर्गा खोट्यांनीही आत्मचरित्र लिहिलं. त्या मोठ्या घरातल्या, शिकलेल्या, म्हणून ते आदरानं वाचलं गेलं. हंसाबाई कलावंतिणीच्या घरातल्या, म्हणून लोकांनी ते चवीनं वाचलं. हा जातीचा आणि घराण्याचा हिशेब आहे, तो मान्य केल्याशिवाय ही चर्चा पुढे जाणारच नाही.

अविनाश_नांदेड
जात मध्ये आणू नका. मी फक्त मुलीबद्दल विचारलं होतं.

सुलभा_ठाणे
मी आणलेली नाही. साळगावकरची वाडकर झाली, तेव्हापासून ती तिथेच आहे.

जुना_अंक
अविनाश, पुस्तकातला तुमच्या मराठवाड्याचा भाग काढा. एका माणसाबरोबर त्या गेल्या आणि आडगावात, आधीच्या बायका असलेल्या घरात, तीनेक वर्षं पडद्यात राहिल्या. कॅमेऱ्यापुढे वाढलेल्या बाईला घराबाहेर पाऊल टाकायची परवानगी नाही. शेवटी पत्र लिहून नवऱ्यालाच बोलावावं लागलं, तो पोलीस घेऊन आला. आणि सुटकेच्या कागदावर सही करणाऱ्या मॅजिस्ट्रेटनं त्या सहीची किंमत म्हणून अत्याचार केला. शब्दांकनाबद्दल मला शंका आहे, पण हे पान वाचल्यावर ती शंका गळ्यातच अडकते. १९७० साली नाव-गाव असलेली एक मराठी बाई हे सांगत होती.

मीनल_कराड
तेच पान मला 'भूमिका'त पुरेसं दिसत नाही. सिनेमा मोठाच आहे, वाद नाही. पण त्यात नायिका उषा झाली, 'संत सखू' गेला, 'राम जोशी' गेला. प्रेक्षकाला कळतं की ही नटी आहे, पण ती किती मोठी नटी होती हे कळत नाही. माझी तक्रार इथेच आहे.

आत्मचरित्राचं नावसुद्धा अनंत मान्यांच्या १९५९ च्या सिनेमाचं. पुण्याच्या विजयानंद थिएटरला तो शंभराहून जास्त आठवडे चालला. 'बुगडी माझी सांडली गं' म्हटलं की जयश्री गडकर आठवतात, ते बरोबरच. पण त्याच सिनेमात हंसाबाई आहेत, हे किती जणांना आठवतं?

दत्ता_गिरगाव
तुम्ही अभिनय एका बाजूला आणि पुस्तक दुसऱ्या बाजूला ठेवताय, ते मला शेवटपर्यंत पटणार नाही. स्वतःच्या आयुष्यातला सर्वात लाजिरवाणा प्रसंग, दया न मागता, आवाज न चढवता सांगणं हेही त्या नटीचंच काम आहे. तेरा वर्षांच्या असल्यापासून त्या तेच शिकत आल्या होत्या.

मीनल_कराड
दत्ताभाऊ, 'राम जोशी' पुन्हा बघा. 'सुंदरा मनामध्ये भरली' गातात जयराम शिलेदार, लावणी खुद्द राम जोशींची. पण सवाल-जवाबात बया समोर आली की नजर बयावरून हलत नाही. ते बघून झालं की इथे या, मग पुस्तकावर बोलू.