मदत हवी आहे: कोचीत मुक्काम एर्नाकुलमला करावा की फोर्ट कोचीत?

ऑगस्टमध्ये चार रात्री, चौघे जण, त्यात दोन ज्येष्ठ. ठाण्याहून नेत्रावती एक्सप्रेसने एर्नाकुलम जंक्शनला उतरणार. फोर्ट कोचीतले होमस्टे मनात भरलेत. मासेमारीची चिनी जाळी, मट्टनचेरीची जुनी वस्ती सगळं जवळ. पण जुन्या घरांत जिने उभे, लिफ्ट बहुधा नसते. शिवाय पावसाळी दमटपणाने गाद्यांना कुबट वास धरतो, म्हणून एसी हवाच. एर्नाकुलमला मरीन ड्राइव्हजवळ लिफ्टवालं हॉटेल मिळेल आणि हायकोर्ट धक्क्यावरून वॉटर मेट्रोच्या बोटीने पाण्यापलीकडे फोर्ट कोचीला जाता येईल. मात्र शेवटची बोट चुकली की रस्त्याने मोठा वळसा.

फोर्ट कोचीत तळमजल्यावरची, कमोड असलेली, खिडक्यांना डासांच्या जाळ्या असलेली खोली कुणी स्वतः पाहिली आहे का? रात्री नऊनंतर तिथे रिक्षा मिळते का, तेही कळवा.